खंदक बुजवायचा रविवार

रविवारी सकाळी शशिकांतदादा दोन फावडी आणि एक पहार सायकलच्या दांडीला बांधून आला, तो नेहमीसारखा मागच्या दाराने. आमचे वडील, बापू, नोकरीला होते त्या लष्करी फॅक्टरीतली अप्रेंटिसशिप अर्ध्यावर सोडून त्याने सदर बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हापासून त्याचं आणि बापूंचं बोलणं बंद होतं. पुढचं दार त्याला कोणी बंद केलं नव्हतं. त्याचं त्यानेच करून घेतलं होतं. आई गेली तेव्हाही तो मागूनच आत आला होता.

"बापू?" त्याने दोऱ्या सोडता सोडता विचारलं.

"पुढे बसलेत. पेपर वाचून राहिले."

"कालचा असेल."

"परवाचा," मी म्हणाले.

जानेवारीत लढाईचा समझोता झाला आणि फेब्रुवारीत कॉलनीत हुकूम फिरला. ज्याने त्याने आपल्या क्वार्टरमागचा खंदक महिनाअखेर बुजवावा, नाहीतर ठेकेदाराची माणसं येऊन बुजवतील. ठेकेदाराची माणसं कशी बुजवतात ते आम्ही मागच्या ओळीत पाहिलं होतं. खंदक बुजला होता, आणि त्याच्यासोबत पेरूचं चांगलं फळतं झाडही. म्हणून दादाने निरोप धाडला की रविवारी मी येतो, कोणाला बोलावू नका.

पण त्या रविवारी सगळे जमले ते नुसत्या खंदकासाठी नाही. संध्याकाळी नीलकंठराव येणार होते. नीलकंठराव म्हणजे श्रीरंगचे मामा, आणि त्यांना उत्तर हवं होतं. श्रीरंगशी माझं लग्न गेल्या जुलैतच ठरलं होतं. सप्टेंबरात लढाई आली, बापू दुहेरी पाळ्या करू लागले, मग कार्तिकात आई तापाने गेली. आमच्यात अशी रीत आहे की घरातलं माणूस गेलं तर मुलीचं लग्न वर्षाच्या आत करून टाकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. वर्षाच्या आत म्हणजे हा वैशाख, कारण त्यापुढे पावसाळा लागला की मुहूर्त नाहीत. श्रीरंग इटारसीला रेल्वेत होता. तो थांबला असता. त्याची आई थांबली नसती, आणि तिला नावं ठेवावीत असं मला कधी वाटलं नाही.

बापू फक्त एवढंच म्हणत होते, "वर्ष तर होऊ द्या." ऐकणाऱ्याला ते दुःखी माणसाचं बोलणं वाटायचं. त्याचा अर्थ तीन वर्षं होता, म्हणजे नाहीच होता, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मी काय म्हणत होते, हे मला कोणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. दिवसा शाळेत शिकवायची, संध्याकाळी बापूंचं पान वाढायची, मग पुस्तक उघडून बसायची. सगळे म्हणायचे, शैला किती समजूतदार आहे.

शकुवहिनी रिक्षाने मागाहून आली. आल्या आल्या पदर खोचून तिने अंगणावर नजर फिरवली. आईच्या मागे चार महिने त्या अंगणात नळाचं पाणी सोडण्यापलीकडे कोणी काही केलं नव्हतं. गुलाब उंच आणि हडकुळे झाले होते. मोगऱ्याला जुनीच काळवंडलेली पानं लोंबत होती. आंब्याला मात्र मोहोर असा आला होता की त्याखाली उभं राहिलं तर केसांत पडत होता, आणि मधमाश्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

"अगं बाई, हे काय करून ठेवलं मोगऱ्याचं," वहिनी म्हणाली. "माघातच पानं ओरबाडायची असतात ना याची? कात्री कुठे आहे?"

"आधी गुलाब," दादा खंदकाकडून म्हणाला.

"तुम्ही आपलं फावडं मारा."

दरवर्षी ही कामं आम्ही आईच्या हाताखाली केली होती. मोगऱ्याची पानं काढून फांद्या छाटायच्या, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना ऊन दाखवायचं, काही दिवस पाणी तोडायचं, मग शेणखत. गुलाबाचं जुनं लाकूड काढायचं. काकडी-दोडक्याची आळी करायची. कधी काय करायचं हे तीच सांगायची, आणि आम्ही कुरकुरत करायचो. आता सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता.

तेवढ्यात फाटकाशी मोठा वाद ऐकू आला. इंदिराआत्या आली होती. बापूंची थोरली बहीण, तिलवाऱ्याला नर्मदेच्या काठाशी राहायची, दोन गाई बाळगून होती. शेणखताचं भरलेलं पोतं तिने बसच्या टपावर टाकून आणलं होतं, आणि आता रिक्षावाला ते आत आणून द्यायला तयार नव्हता.

"माताजी, खाद का भाडा अलग लगेगा."

"अरे भैया, खाद क्या तुमसे अलग बैठी थी? साथ में ही तो आयी."

पोतं आत आलं. आत्या पुढच्या व्हरांड्यात गेली. तिने बापूंच्या हातातला पेपर काढून घेतला, तारीख बघितली आणि परत दिला. मग मागे येऊन अंगणातल्या लाकडी माच्यावर बसली, पदराची गाठ सोडली आणि काकडीचं, दोडक्याचं, भेंडीचं बी माझ्या ओंजळीत ओतलं.

"मुरली बाहेर येत नाही का?" तिने बापूंबद्दल विचारलं.

"मागच्या अंगणात पाऊल नाही टाकलं त्यांनी," मी म्हणाले. "तेव्हापासून."

"हं," आत्या म्हणाली, आणि दादाकडे वळली. "आणि तू रे? तू पुढच्या व्हरांड्यात पाऊल टाकलंस का?"

दादाने फावडं जोरात मारलं.

खंदक नागमोडी होता, उंच माणूस उभा राहिला तर छातीपर्यंत येईल एवढा. सप्टेंबरात, बाँब पडले तर लपायला म्हणून, फॅक्टरीकडून माणसं येऊन खणून गेली होती. दोरी लावली ती आईच्या हळदीच्या वाफ्यावरूनच. अर्धा वाफा गेला, अर्धा नळाकडचा राहिला. आई तेव्हा एक शब्द बोलली नव्हती, याचं आम्हाला नवल वाटलं होतं. खणलेली माती कडेने लांबच लांब ढीग होऊन पडली. त्यात पिवळट मुरूम होता, तो चांदण्यात उठून दिसतो, वरून विमानाला कळेल, म्हणून ढिगांवर काहीतरी हिरवं लावा असं सांगून गेले. ओळीतल्या सगळ्यांनी कर्दळ लावली. ती कुठेही जगते आणि फुकट मिळते. आमच्याही ढिगावर हिरवी रुंद पानं डुलायला लागली. थंडीत ती पिवळी पडली, वाळली, मातीत लोळली. आता दादा तो ढीग वरून ओढून भराभर खंदकात लोटत होता आणि वाळक्या पानांचा चुरा त्याच्या केसांवर उडत होता.

मी दोडक्याच्या आळ्यात खत मिसळत होते. वहिनी मोगरा ओरबाडत होती. आत्याने विषय काढला तो असा, जणू भेंडीबद्दल बोलतेय.

"मग संध्याकाळी त्या नीलकंठरावाला काय सांगायचं?"

"काय सांगायचं म्हणजे? बापू म्हणतात तेच," दादा म्हणाला. "वर्ष होऊ द्या."

"वर्ष झालं की तीन वर्षं. तुला रीत माहीत नाही का?"

"रीत काय आत्या, आपणच केलेली. आणि ते कोण असे घोड्यावर बसून राहिले? आईला जाऊन चार महिने नाही झाले. दारात मांडव घालायचा, बँड लावायचा? लोक काय म्हणतील?"

"बँड नको लावू. कोणी सांगितलं बँड लाव?"

"मुद्दा तो नाही."

"मुद्दा काय ते मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "शैला गेली की या घरात मुरली एकटा. आणि मुरली एकटा म्हटलं की तुला पुढच्या दाराने यावं लागेल. तेवढं तुला नको आहे. म्हणून बहिणीला तीन वर्षं बसवून ठेवून राहिला तू."

दादाने फावडं ढिगात खुपसलं. पुष्कळ वर्षांनी, त्याची मुलं मोठी झाल्यावर, त्याने मला सांगितलं की आत्याने शब्द न् शब्द बरोबर सांगितला होता, आणि म्हणूनच त्या क्षणी त्याला आत्या जन्मात एवढी कधी नकोशी झाली नव्हती. तो जास्तच जोराने माती लोटू लागला.

"शकु, तू बोल गं," आत्या म्हणाली. "तू काहून गप्प?"

वहिनी मोगऱ्यापाशी उकिडवी बसली होती. ती गप्प का होती ते मला त्या दिवशी कळलं नाही. घमापुरात त्यांच्या दोन खोल्या होत्या, वरच्या मजल्यावर. पाण्याला खाली उतरून रांगेत उभं राहावं लागायचं. इथला नळ, इथलं अंगण, ऊन येणारं स्वयंपाकघर तिला लग्न झाल्यापासून आवडायचं. आता मी गेले तर आपण इथे येऊन राहू शकतो, हे तिच्या मनात आलं होतं. ते मनात आलं म्हणूनच तिला बोलता येत नव्हतं. सासूला जाऊन चार महिने झाले नाहीत आणि सून घरावर डोळा ठेवते, असं कोणी म्हणण्याआधी ती स्वतःच स्वतःला म्हणत होती.

"मी काय बोलणार?" ती म्हणाली. "थांबायचं असेल तर थांबू. चहा टाकते."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी बी मोजल्यासारखं करून आळ्यात टोचत राहिले. दोनच्या जागी चार चार पडत होती.

वहिनी चहाचे पेले घेऊन बाहेर आली तेव्हा खंदक अर्ध्याच्या वर भरला होता आणि ढीग जवळजवळ संपला होता. दादा घाम पुसत फावड्यावर रेलला होता. पेला देता देता वहिनी थांबली. तिने फावड्याच्या पात्याकडे पाहिलं, मग खाली वाकून बोटाने पातं पुसलं, बोट नाकाशी नेलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही हे काय कापून राहिलात?"

"माती. दुसरं काय?"

"ही हळद आहे."

पातं चांगलं केशरी पिवळं झालं होतं. मी उठून आले. आत्याही आली. वहिनीने ढिगाच्या उरलेल्या टोकात हात घातला, थोडं चाचपलं आणि ओढून काढला तो हाताएवढा गड्डा. एका बाजूने फावड्याने साफ कापलेला, आत पिवळाधमक. वासाबद्दल शंकाच नव्हती.

"कर्दळ होती ना ही?" दादा म्हणाला.

"फूल पाहिलं होतं का कोणी कर्दळीचं?" आत्या म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कोणीच पाहिलं नव्हतं. शेजारच्या सगळ्या ढिगांवर दिवाळीपर्यंत लाल-पिवळी फुलं होती. आमच्या ढिगावर नुसती पानं. मला वाटलं होतं की आपली माती वाईट. ऑक्टोबरात आई सकाळ-संध्याकाळ त्या ढिगावर पाणी घालायची, तेव्हा धूळ स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून घालते असं मी धरून चालले होते. तिने एक दिवस तिथे बसून राख आणि शेण कालवलं होतं, तेही मी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि पुस्तकात डोकं घातलं होतं.

"म्हणजे वाफा गेलाच नाही," वहिनी हळू म्हणाली. "खणायला यायच्या आधी सासूबाईंनी गड्डे मातीसकट उचलून ठेवले. मग ढीग झाल्यावर त्यात लावले."

"आणि आपल्याला सांगितलं नाही?" दादा म्हणाला.

"तुला कशाला सांगेल? तू तर इथे राहत नव्हतास," आत्या म्हणाली. मग जरा रागाने, "पण मला सांगायला काय झालं होतं तिला?"

"तुला सांगितलं असतं तर निम्मी तू तिलवाऱ्याला नेली असतीस."

बोलले ते बापू. स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात पेपर तसाच. चहा आपल्याला का मिळाला नाही ते बघायला उठले होते बहुतेक. मागच्या पायरीवर ते चार महिन्यांत आलेले मी पाहिले नव्हते.

"मी तिला विचारलं होतं," ते म्हणाले, "ही कर्दळ कुठून आणलीस. ती म्हणाली, मिळाली. मी रात्रपाळी करून आलो होतो. पुढे विचारलं नाही." त्यांनी खंदकाकडे पाहिलं. "सगळं आत घातलं का?"

दादा मान खाली घालून उभा होता. तीन वर्षांत बापूंनी त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"घातलं," तो म्हणाला. "जवळजवळ सगळं."

"फावड्याने?"

"हो."

बापूंनी पेपर पायरीवर ठेवला. सदरा काढला, घडी करून पेपरवर ठेवला. मग पायरी उतरून, गुलाबाच्या बाजूने वळून, खंदकाच्या कडेवर बसले आणि पाय आत सोडून खाली उतरले.

"फावडं बाजूला ठेव," ते वर न बघता म्हणाले. "खुरपी दे. आणि घमेली आण दोन. हाताने काढायची. आणखी कापली तर सडेल."

त्यानंतर जे झालं ते मला आजही नीट क्रमाने आठवत नाही, कारण सगळं एकदम झालं. दादा धावत घमेली घेऊन आला आणि बापूंच्या पलीकडे उतरला. वहिनीने पायातली जोडवी मातीत पडतील म्हणून काढून माझ्याकडे दिली, मी ती खिडकीत ठेवली आणि तिच्यामागून उतरले. आत्या वर माच्यावरून घमेलं ओढून घेत होती, झटकत होती आणि सारखी बोलत होती. भुसभुशीत मातीत कोपरापर्यंत हात जात होते. आधी तुकडे मिळाले, मग एक अख्खा गड्डा, बोटं फुटलेला. मग त्याच्याखाली दुसरा.

"हा बघा, हा बघा," वहिनी म्हणाली. "केवढा आहे."

"मला दाखव," आत्या वरून. "अगं, हा तर माझ्या पंजाएवढा. तुझ्या सासूने, अंजनीने, घातलं काय होतं यात?"

"राख," मी म्हणाले. "आणि शेण."

"कोणाचं शेण? माझ्याकडून तर नेलं नाही."

"फॅक्टरीच्या फाटकाशी बैलगाड्या उभ्या राहतात ना," बापू म्हणाले. "तिथून आणायची. टोपलीवर फडकं टाकून. चार्जमनची बायको शेण गोळा करते असं कोणी म्हणू नये म्हणून." ते हसले. आवाज न करता, नुसते खांदे हलले. "सगळ्या पाळीला माहीत होतं. मला सलाम करताना म्हणायचे, साहब, भाभीजी आयी थीं."

दादा हसायला लागला. मग वहिनी. आत्या तर पदर तोंडाला लावून बसली. शेजारच्या क्वार्टरमधून कोणीतरी भिंतीवरून डोकावून विचारलं, क्या निकला जी, आणि आत्याने सांगितलं, खज़ाना निकला है, आप अपना काम करो.

घमेली भरू लागली. बापू आणि दादा आता एकाच टोकाकडून काढत होते, पाठीला पाठ लागत होती. "इकडे आहे, बापू." "अरे, जपून. खालून हात घाल." "खालून पहार लावू का?" "पहार नको. तुझं दुकान नाही ते." पण त्यात जुनी धार नव्हती, आणि दादानेही ते लावून घेतलं नाही.

"लग्नाला पुरून उरेल," आत्या वरून म्हणाली.

खुरप्या थांबल्या. बापूंचे हात मातीतच राहिले.

"हळद भाजीतही पडते, ताई," ते म्हणाले.

पुन्हा खुरप्यांचा आवाज सुरू झाला, पण आधीसारखा नाही. मला वाटलं, आता हे असंच राहील. संध्याकाळी नीलकंठराव येतील, बापू म्हणतील वर्ष होऊ द्या, मी चहा नेईन, आणि सगळे म्हणतील की शैला समजूतदार आहे. मी बापूंच्या अगदी शेजारी होते. त्यांच्या मानेवर मोहोराची दोन-तीन फुलं चिकटली होती. इतकी वर्षं मी जे काही वाचलं होतं त्यातलं एकही वाक्य त्या वेळी उपयोगाचं नव्हतं.

"बापू," मी म्हणाले, "मला जायचंय."

ते थांबले नाहीत. एक गड्डा मोकळा करत होते, तो त्यांनी पूर्ण मोकळा केला, माती झाडली, घमेल्यात ठेवला.

"कुठे?" दादाने विचारलं.

"तू गप," आत्या म्हणाली.

"इटारसीला," मी म्हणाले. "वैशाखात. तुम्हाला एकटं सोडून जायचं नाहीये. पण जायचंय."

"ऐकलं," बापू म्हणाले.

एवढंच. ते पुढे सरकले आणि पुन्हा मातीत हात घातला. आता परत घेता येणार नाही, हे कळलं आणि त्याबरोबर कसलासा मोठा आनंदही झाला, जो आई गेल्यानंतर मला होणं शक्य आहे असं मला वाटलं नव्हतं.

वहिनी उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"एकटं काहून सोडायचं?" ती म्हणाली. "आम्ही येतो इकडे राहायला." मग घाईघाईने, "म्हणजे बापूंना चालत असेल तर. घर सासूबाईंचं आहे, तसंच राहील. मी एक भांडं इकडचं तिकडे करणार नाही. पण दोन खोल्यांचं भाडं भरून, पाण्यासाठी भांडून, वर इथे धावत यायचं त्यापेक्षा..."

"हे तू मला कधी विचारलंस?" दादा म्हणाला.

"आता विचारते. यायचं का?"

दादाने बापूंकडे पाहिलं. बापू पाठमोरे होते.

"दुकान सदरलाच राहील," दादा त्या पाठीला म्हणाला. "फॅक्टरीत मी येणार नाही."

"फॅक्टरीत तुला कोणी बोलावलं?" बापू म्हणाले. "एवढी हळद कापलीस. तिथे काय काय कापशील."

आत्याने आकाशाकडे बघून हात जोडले, आणि मग पटकन सोडले, कारण फाटक वाजलं होतं.

नीलकंठराव ठरल्यापेक्षा बरेच लवकर आले होते. कडक इस्त्रीचा सदरा, हातात सदरच्या हलवायाचा पुडा. पुढचं दार वाजवून कोणी येईना म्हणून घराला वळसा घालून मागे आले, आणि त्यांना दिसलं ते असं की अंगणात एक म्हातारी माच्यावर बसून हुकूम सोडते आहे आणि ज्या घरी सोयरीक जोडायची ते सगळं घर कमरेपर्यंत खड्ड्यात उभं आहे. मी त्यात होते. माझी वेणी सुटली होती.

"लढाई संपली, असं ऐकलं होतं," नीलकंठराव म्हणाले.

"या, या," आत्या म्हणाली. "बसा. नाही, तिथे नको, तिथे दोडका टोचलाय."

ते माच्याच्या कडेला बसले. पुडा कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. वहिनी वर चढून चहाला पळाली. दादाने हात दिला आणि मी वर आले. बापू मात्र खालीच राहिले. त्यांनी हातातला गड्डा उलटापालटा करून पाहिला. मोठा होता, न कापलेला, डोळे चांगले फुगलेले. तो त्यांनी घमेल्यात टाकला नाही, कडेला वेगळा ठेवला. मग दुसरा तसाच शोधून त्याच्या शेजारी.

"नीलकंठराव," ते म्हणाले, "श्रीरंगच्या क्वार्टरला अंगण आहे का?"

"अंगण?" नीलकंठराव गोंधळले. "आहे की. चांगलं मोठं आहे. पण लावलेलं काही नाही. एकटा माणूस, ड्यूटीवर ये-जा. आणि जमीन सगळी मुरमाड."

"मुरमाड असली तर आत्तापासून शेणखत घालून ठेवायला सांगा. दोन गाड्या तरी. पाणी मारून उलथून ठेवायची. हळद ज्येष्ठात लावतात. उशीर झाला तर पोसत नाही." त्यांनी तिसरा गड्डा ठेवला. "बेणं मी इथून देईन. बाजारचं घेऊ नका."

नीलकंठराव बापूंकडे बघत राहिले, मग आत्याकडे. आत्या जमिनीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती वैशाखातले दिवस बोटांवर धरत होती.

"म्हणजे," नीलकंठराव जपून म्हणाले, "मी घरी वैशाख सांगू का?"

बापूंनी पहिल्यांदा वर पाहिलं. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "तिने सांगितलंय, तिला जायचंय."

आणि ते पुन्हा खाली वाकले, कारण वळणापलीकडचा कोपरा अजून तपासायचा राहिला होता.